रस्त्यावरच्या नात्यांचं मोजमाप: आधार आणि तंटा (प्रकल्प नोंदी, मुंबई)

६ जानेवारी २०२५

मोजायचं काय, हे आधी कागदावर आणलं. बेघर माणसाला कोणाकडून किती आधार मिळतो आणि त्याच माणसांशी त्याचे किती खटके उडतात. या दोन गोष्टी एकाच मापाची दोन टोकं धरायच्या नाहीत, हे पहिल्याच बैठकीत पक्कं झालं. रस्त्यावर जो उसने पैसे देतो तोच महिनाअखेरीला गचांडी धरतो. एकच आकडा काढला तर या नात्यातलं काहीच हाती लागत नाही.

कोणाला बेघर म्हणायचं: जनगणनेची व्याख्या घेतली. उघड्यावर, फुटपाथवर, मोठ्या पाइपात, पुलाखाली, जिन्याखाली, देवळाच्या आवारात किंवा फलाटावर राहणारे. २०११ च्या जनगणनेत देशात अशी १७.७ लाख माणसं मोजली गेली, तीही २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत. एका रात्रीच्या मोजणीत निसटलेल्यांची संख्या लहान नसणार. आपल्या कामात तीन गट वेगळे ठेवले: पिढ्यान्‌पिढ्या फुटपाथवर राहणारी कुटुंबं, एकटे कामगार पुरुष, आणि रात्रनिवाऱ्यात राहणारे. फक्त निवाऱ्यातून माणसं घेणं सोपं आहे, पण चुकीचं. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचा निकष दर १ लाख लोकसंख्येमागे १०० जणांचा एक निवारा असा होता. मुंबईच्या २०११ मधल्या १ कोटी २४ लाखांना तो लावला तर पूर्ण क्षमतेचे १२४ निवारे लागतात, आणि तेही १२,४०० जणांपुरतेच; बाकीचे बाहेरच राहतात. शिवाय निवाऱ्यात व्यवस्थापक, नियम आणि ठरलेली वेळ असते. तिथला तंटा वेगळा, फुटपाथवरचा वेगळा.

९ जानेवारी

तयार मोजपट्ट्या तपासल्या.

एमएसपीएसएस (मल्टिडायमेन्शनल स्केल ऑफ पर्सिव्ह्ड सोशल सपोर्ट, १९८८): १२ प्रश्न, १ ते ७ गुण, तीन भाग (कुटुंब, मित्र, खास व्यक्ती), प्रत्येकी ४ प्रश्न. छोटी आणि सर्वत्र वापरली जाणारी. पण ती ‘आधार मिळेल असं वाटतं का’ हे विचारते, प्रत्यक्ष मिळालेला आधार विचारत नाही. तंट्याचा तर एकही प्रश्न नाही.

क्यूआरआय (क्वालिटी ऑफ रिलेशनशिप्स इन्व्हेंटरी, १९९१): २५ प्रश्न. आधाराचे ७, संघर्षाचे १२, नात्याच्या खोलीचे ६. उत्तरं चार पायऱ्यांची. हिची मोठी सोय म्हणजे प्रश्न एका ठरावीक माणसाबद्दल असतात. अडचण गणिताची आहे: दहा माणसांबद्दल २५ प्रश्न म्हणजे २५०. रात्री साडेनऊला हमाली करून आलेल्या माणसापुढे हे ठेवता येत नाही.

सीटीएस२ (रिव्हाइज्ड कॉन्फ्लिक्ट टॅक्टिक्स स्केल्स, १९९६): ७८ प्रश्न, ‘मी केलं’ आणि ‘समोरच्यानं केलं’ अशा ३९ जोड्या. जोडीदारातल्या हिंसेसाठी बनवलेली. शेजारचा पथारीवाला, मुकादम, गावाकडचा भाऊ यांना ती लागू होत नाही. एकच गोष्ट उचलली: ‘भांडखोर आहे का’ असं न विचारता ‘अमुक घडलं का, किती वेळा’ असं विचारायचं.

निर्णय: साचा क्यूआरआयचा (माणसागणिक), प्रश्न नव्यानं लिहिलेले आणि मोजके. एमएसपीएसएस शेवटी एकदाच, इतर अभ्यासांशी तुलनेपुरती.

तंट्याला इतकं वजन का, असा प्रश्न येतोच. १९८४ मध्ये मानसशास्त्रज्ञ केरन रूक यांनी १२० वृद्ध विधवांचा अभ्यास केला होता. त्यात नात्यांतल्या त्रासाचा संबंध मनःस्वास्थ्याशी आधारापेक्षा जास्त ठळक निघाला. त्या बायकांना घर होतं, दार लावून घेता येत होतं. फुटपाथवर ज्याच्याशी वाजलं तो चार फुटांवर झोपलेला असतो.

१४ जानेवारी

भाषांतराचा दिवस. एमएसपीएसएसच्या कुटुंबाच्या प्रश्नांत ‘माझ्या घरचे’ हा शब्द सहज आला आणि तिथंच गाडी अडली. ज्याला घर नाही त्याला ‘तुमच्या घरचे’ विचारलं की तीन उत्तरं संभवतात. कोणी गावाकडच्यांबद्दल बोलतो, कोणी सोबत राहणाऱ्या बायकोमुलांबद्दल, आणि कोणी ‘घर असतं तर इथं असतो का’ म्हणून गप्प होतो. तिघांचा गुण एकाच रकान्यात पडतो. ‘घरचे’ काढून दोन प्रश्न केले: ‘गावाकडची माणसं’ आणि ‘इथं तुमच्यासोबत राहणारी तुमची माणसं’. त्यामुळे मूळ पट्टीशी तुलना थोडी ढिली पडते, ते मान्य. अहवालात तसं लिहायचं.

मुंबईत हिंदी आवृत्तीशिवाय काम होणार नाही. तिथं ‘घरवाले’ घातलं तर बायका नवरा धरून चालतात. तोही शब्द बाद.

‘मित्र’: पुरुषांना चालतो. बाईला ‘तुमचे मित्र’ विचारणं तिला भलत्याच अर्थी लागू शकतं आणि ऐकणारा शेजार कान टवकारतो. बायकांसाठी ‘मैत्रिणी, ओळखीच्या बायका’, पुरुषांसाठी ‘सोबतचे, संगतीतले’. ‘जोडीदार’ टाळला, कारण कामातला साथीदार आणि संसारातला जोडीदार असे दोन्ही अर्थ निघतात.

‘खास व्यक्ती’: काहींसाठी हा देव असतो, काहींसाठी बुवा, काहींसाठी मोहल्ल्यातला दुकानदार. देव नातेसंबंधांच्या यादीत घ्यायचा नाही, पण उत्तर खोडायचंही नाही. शेऱ्यात लिहायचं.

नात्याचे शब्द फसवे आहेत, म्हणून नोंदणाऱ्यासाठी पत्रक केलं:
‘मालक’ म्हणजे नवरा किंवा काम देणारा. विचारल्याशिवाय लिहू नये.
‘मंडळी’ म्हणजे बायको किंवा सगळा कबिला.
‘भाऊ’ सख्खा, चुलत, गाववाला किंवा मानलेला.
‘मावशी’ म्हणजे कोणीही वयस्क बाई. त्यातही आपणच समोरच्या बाईंना ‘मावशी’ म्हणत असतो, त्यामुळे नोंदीत घोळ होतो.

म्हणून प्रत्येक नावापुढे एक सक्तीचा प्रश्न: ‘हे नातं रक्ताचं, सोयरिकीचं, की मानलेलं?’ मानलेलं नातं मित्रांच्या खात्यात टाकायचं नाही, त्याला स्वतःचा रकाना. राखी बांधलेल्या भावाकडून जी अपेक्षा असते ती ओळखीच्या माणसाकडून नसते, आणि ती मोडल्यावर होणारा तंटाही त्याच जातीचा नसतो.

२० जानेवारी

नावं कशी काढायची. ‘तुमच्या जवळची माणसं कोण?’ या प्रश्नाला नावं कमी येतात आणि सगळी गोडच येतात. ज्याच्याशी उभा दावा आहे तो ‘जवळचा’ म्हणून कोणी सांगत नाही. तंटा मोजायचा तर तंट्याची माणसं यादीत यायला हवीत. म्हणून सहा प्रश्नांनी यादी करायची:

१. काल रात्री तुमच्या आजूबाजूला कोण झोपलं होतं?
२. शौचाला किंवा आंघोळीला गेलात तेव्हा सामान कोणी राखलं?
३. शेवटचे उसने पैसे कोणाकडून घेतले, कोणाला दिले?
४. मनातलं कोणाला सांगता?
५. फोनवर कोणाशी बोलता?
६. कोणाचं तोंड बघावंसं वाटत नाही, तरी बघावं लागतं?

सहावा प्रश्न नेहमी शेवटी. तो आधी आला तर माणूस चिडलेल्या मनःस्थितीत जातो आणि आधाराचे गुणही खाली येतात.

किती नावं: प्रत्येक जोडी एकमेकांना ओळखते का, हेही विचारायचं आहे, म्हणून संख्येचा हिशेब लागतो. २० नावांच्या १९० जोड्या होतात, १५ च्या १०५, १० च्या ४५. जोडीला चार सेकंद धरले तरी १९० ला जवळपास १३ मिनिटं, ४५ ला ३ मिनिटं. कमाल १० नावं ठरवली. दहा भरल्यावरही माणूस सांगत राहिला तर फक्त संख्या टिपायची.

पोलीस, पालिकेची गाडी, रेल्वेचे जवान यांचं काय? तंटा त्यांच्याशी भरपूर असतो, पण ते नातं नव्हे. ‘साहेब बदलला की सगळं बदलतं’ अशा ठिकाणी माणूस मोजायचा नसतो, खातं मोजायचं असतं. त्यासाठी वेगळं अर्धं पान. ठरावीक हवालदाराशी रोजची बोलाचाली असेल तरच तो नावांच्या यादीत.

२५ जानेवारी

आधाराचे आठ आणि तंट्याचे आठ प्रश्न पक्के केले. मुदत: मागचे तीस दिवस.

आधार: खायला दिलं, उसने पैसे दिले, सामान राखलं, आजारपणात दवाखान्यात नेलं किंवा औषध आणलं, कामाची खबर दिली, फोन चार्ज करून दिला किंवा फोन करू दिला, कागदपत्रासाठी पत्ता दिला किंवा सोबत आला, बसून ऐकून घेतलं. बायकांसाठी नववा: रात्री जागं राहून लक्ष ठेवलं.

घरात राहणाऱ्यांसाठी बनवलेल्या पट्ट्यांत सामान राखण्याचा प्रश्न सहसा नसतो. इथं तो काढला तर माप लंगडं होतं. गाठोडं गेलं म्हणजे आधार कार्ड, रेशन कार्ड, पांघरूण सगळं एकदम गेलं.

तंटा: पैशावरून वाद, जागेवरून वाद, लागेल असं बोलणं, वस्तू किंवा पैसे न विचारता घेणं, दारू पिऊन त्रास, अंगावर हात टाकणं, चौकीत सांगण्याची धमकी, आणि अबोला.

पहिल्या मसुद्यात ‘शिवीगाळ’ होतं, ते काढलं. नाक्यावर शिवी हा कधी कधी नमस्कारच असतो. ‘लागेल असं बोलणं’ म्हटलं की माणूस बरोबर तेच सांगतो जे मोजायचं आहे.

याहून मोठी चूक उशिरा दिसली. तंटा शून्य आला म्हणजे नातं शांत आहे, असं नाही. ‘त्याच्या वाट्यालाच जात नाही’ असं असलं तरी शून्यच येतं. क्यूआरआयमध्ये भांडण टाळण्यासाठी किती कष्ट पडतात असा प्रश्न आहे, तो याचसाठी. आपल्याकडे तो असा: ‘भांडण नको म्हणून या माणसापुढे गप्प बसावं लागतं का?’ याचा गुण तंट्याच्या बेरजेत धरायचा नाही, वेगळा ठेवायचा. नवऱ्याबद्दल, मुकादमाबद्दल आणि जागेचा हक्क सांगणाऱ्या ‘दादा’बद्दल हा प्रश्न बाकी आठांपेक्षा जास्त सांगून जातो.

अंगावर हात टाकण्याचा प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारायचा: त्यांनी टाकला का, तुम्ही टाकला का.

३१ जानेवारी

साहित्य. ‘कधीच नाही’ ते ‘रोजच’ अशा पाच पायऱ्या तोंडी सांगितल्या की बहुतेक उत्तरं दोन टोकांना जातात. म्हणून हाताला धरता येईल असं काहीतरी हवं. कागदी पत्ते पहिल्याच बसच्या वाऱ्यानं उडतात, पुलाखाली तर विचारूच नका. शेवटी हे ठरलं:

चिंचोके ४, आधारासाठी. गुळगुळीत खडे ४, तंट्यासाठी. शून्य म्हणजे रिकामी वाटी. दोन वेगळ्या वस्तू मुद्दाम घेतल्या, कारण एकाच वस्तूनं दोन्ही मोजलं तर तंट्याचे गुण आधाराच्या उलटे लावण्याकडे कल जातो.
बाटल्यांची झाकणं १०, वर १ ते १० आकडे. एक झाकण म्हणजे एक माणूस.
दोन फूट बाय दोन फूट मेणकापड, त्यावर एकात एक तीन वर्तुळं. आतलं ‘याच्याशिवाय चालणार नाही’, मधलं ‘जवळचा’, बाहेरचं ‘ओळखीचा’.
कोरे फॉर्म, शिसपेन्सिल (बॉलपेन दमट हवेत आणि घामात दगा देतं), छोटी विजेरी.

सांकेतिक क्रमांक: नाव नाही, फोटो नाही. आईच्या नावाचं पहिलं अक्षर, गावाचं पहिलं अक्षर आणि जन्माच्या ऋतूचा आकडा. जन्मतारीख बऱ्याच जणांकडे आधार कार्डावरचीच असते आणि ती १ जानेवारी असते, त्यामुळे ओळख पटवायला निरुपयोगी.

५ फेब्रुवारी

संमती आणि सुरक्षितता. अंगठा चालतो, पण साक्षीदार आपल्या चमूबाहेरचा हवा. यादीतल्या माणसांनी संमती दिलेली नसते, म्हणून त्यांची खरी नावं फॉर्मवर येऊ द्यायची नाहीत. झाकणाचा आकडा आणि ‘उंच’, ‘चहावाली’ अशी खूण पुरते.

‘सर्व्हे’ हा शब्द तोंडातून काढायचा नाही. फुटपाथवरच्या कुटुंबांसाठी सर्व्हे म्हणजे मोफत पुनर्वसनाची पात्रता, १ जानेवारी २००० च्या आधीचा पुरावा, नाहीतर हटवणी. तो शब्द ऐकला की सोबतची माणसं वाढतात आणि तंटा नाहीसा होतो. याउलट मदत वाटायला आलेत असं वाटलं की ‘माझं कोणी नाही’ हे उत्तर वाढतं. सुरुवातीची चार वाक्यं पाठ करूनच बोलायची: योजना नाही, यादी नाही, फोटो नाही, मधेच उठलात तरी चालेल.

भीक प्रतिबंधक कायदा १९५९ चा असला तरी त्याची धास्ती आजची आहे. कमाईबद्दल एकही प्रश्न नाही.

लहान मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती निघाली तर पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार ती कळवावीच लागते. म्हणजे ‘काहीही सांगा, कुठं जाणार नाही’ हे वचन खोटं ठरतं. संमतीच्या वाक्यांत हा अपवाद आधीच सांगायचा. नंतर सांगणं ही फसवणूक आहे. खिशातल्या चिठ्ठीवर क्रमांक: ११२, बायकांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, वृद्धांसाठी १४५६७, मानसिक त्रासासाठी १४४१६. ही चिठ्ठी मारहाण सांगणाऱ्या बाईच्या हातात द्यायची नाही. ती नवऱ्याला सापडते. क्रमांक तोंडी पाठ करून द्यायचा.

१२ फेब्रुवारी

चाचणी फेरी सुरू. जिथं घसरलं ते:

वेळ. एकट्या कामगारांना रात्री साडेनऊ ते अकरा गाठावं. अकरानंतर माणूस झोपतो किंवा प्यालेला असतो. फुटपाथवरच्या बायकांना दुपारी दोन ते चार. मजूर नाक्यावर सकाळी दहानंतर निवांत माणसं मिळतात, पण ती काम न मिळालेली असतात, म्हणजे वयस्क, आजारी किंवा ओळखी कमी असलेली. त्यांच्यावर नमुना उभा केला तर आधार मुळातच कमी निघणार. नाक्यावरच्या मुलाखती वेगळ्या खुणेनं नोंदायच्या.

मेणकापडावर चिंचोके आणि खडे मांडून रात्री दोघं बसले की लांबून तो जुगार दिसतो. गर्दी जमते, आणि गस्तीवालाही येतो. कापड घडी करून मांडीवर, वाट्या ताटात, आणि तोंड भिंतीकडे.

नवरा ऐकण्याच्या अंतरावर असेल तर तंट्याचा भाग वगळायचा आणि ‘वगळला’ असं लिहायचं. शून्य लिहायचं नाही. चमूत एक बाई, एक पुरुष असेल तर पुरुष नवऱ्याशी चहाला जाऊ शकतो. हा उपाय साधा आहे, पण याच्याइतका उपयोगी दुसरा सापडला नाही.

१८ फेब्रुवारी

‘माझं कोणी नाही’ या उत्तराचं काय करायचं? लगेच शून्य नावं लिहून पुढं जायचं नाही. अंदाजाचे प्रश्न (‘आजारी पडलात तर कोण बघेल?’) इथं चालत नाहीत, घडलेलं विचारावं लागतं: काल रात्री गाठोडं कुठं होतं? कोणाजवळ? बहुतेक वेळा एखादं झाकण तरी मांडलं जातं. तरीही नाही म्हटलं तर ते खरं शून्य, आणि त्याला स्वतःचा संकेतांक: ००. उत्तर द्यायचं नव्हतं: ८८. वगळलं: ९९. हे तिन्ही एका रिकाम्या चौकोनात गेले तर पुढचं सगळं विश्लेषण वाया.

आणखी एक गाठ. मिळालेला आधार जास्त म्हणजे माणूस बरा, असं समजू नये. ज्याचा पाय मोडला त्याला मदत जास्त मिळते. म्हणून ‘मिळाला’ आणि ‘मिळेल असं वाटतं’ हे दोन रकाने शेवटपर्यंत वेगळे. त्यांच्यात फरक दिसला तर तो दोष नाही.

२४ फेब्रुवारी

गणित. प्रत्येक माणसाला आधाराचा आणि तंट्याचा ० ते ४ असा एकेक सरासरी गुण. वजाबाकी करायचा मोह टाळायचा. आधार ३, तंटा ३ असेल तर उत्तर ०. आधार ०, तंटा ० असेल तरीही ०. उकळतं नातं आणि कोरडं नातं एकच ठरतं.

दुहेरीपणासाठी (एकाच नात्यात आधार आणि तंटा दोन्ही असणं) ग्रिफिन यांचं सूत्र घेतलं: दोन्ही गुणांच्या बेरजेचा अर्धा, वजा त्यांच्यातल्या फरकाचं केवल मूल्य (चिन्ह सोडून आकडा). ३ आणि ३ ला ३ येतात. ४ आणि ० ला उणे २. इथंही खड्डा आहे: ४ आणि २ ला १ येतो, १ आणि १ लाही १ च. म्हणजे भरभरून देणारा पण भांडणारा भाऊ, आणि नाममात्र ओळखीचा माणूस, दोघे एका रांगेत. सूत्राचा आकडा एकटा छापायचा नाही. मूळ दोन रकाने शेजारी हवेतच.

आठ प्रश्नांची अंतर्गत सुसंगती (क्रॉनबाख अल्फा, म्हणजे प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात त्याचा आकडा) कमी आली म्हणून प्रश्न काढायची घाई नको. सामान राखणारा पैसेही देईल असं काही नाही. हे प्रश्न एकाच गुणाची लक्षणं नाहीत, ती मदतीची यादी आहे. अल्फा एमएसपीएसएसला लावा, याला नाही.

एका माणसाची आठ नाती म्हणजे आठ स्वतंत्र नोंदी नव्हेत. समजा सरासरी ८ नाती आणि त्यांच्यातलं साम्य ०.२. मग १ + ७ × ०.२ = २.४, म्हणजे ८०० ओळींचं बळ साधारण ३३३ ओळींइतकंच. बहुस्तरीय प्रतिमान (एकाच माणसाची नाती एका गटात धरणारं) वापरायचं, साधी सरासरी नाही.

३ मार्च

‘मागचे तीस दिवस’ कोणाच्या डोक्यात राहत नाहीत. फेब्रुवारीच्या मध्याला ‘संक्रांतीपासून’ म्हटलं की बरोबर महिना व्हायचा. पण मुलाखती लांबल्या तसा तो महिना दीड महिन्याचा झाला, आणि घटना आपोआप वाढल्या. आता दर सोमवारी खूण बदलायची आणि फॉर्मवर किती दिवस झाले ते लिहायचं, म्हणजे गुण दिवसांनी भागता येतील.

कालपासून रमजान. मशिदींजवळच्या वस्त्यांत या महिन्यात जेवणाचा आधार वाढतो, आणि तो सगळ्याच धर्माच्या लोकांपर्यंत पोचतो. तिथल्या पुनर्चाचण्या (त्याच माणसाला तेच प्रश्न पुन्हा विचारणं) ईदनंतर. नाहीतर पट्टी डळमळीत आहे असं वाटेल, आणि बदललेलं असेल फक्त पंचांग.

१० मार्च

बाकी वस्त्यांत पुनर्चाचणी: १० ते १४ दिवसांनी, तोच विचारणारा. माणूस सापडणं हीच अर्धी लढाई. फोन नंबर बदलतो, जागा उठवली जाते. चहाची टपरी, शौचालयाचा रखवालदार आणि सामान ठेवायची जागा, हे तीन दुवे पहिल्याच भेटीत (परवानगीनं) टिपून ठेवायचे.

झाकणं दुसऱ्यांदा मांडताना नावं बदलली तर तीन शक्यता: विसरला, माणूस निघून गेला, किंवा मधल्या काळात वाजलं. तिसरी शक्यता चूक नाही, तोच आपला विषय आहे. म्हणून दुसऱ्या भेटीत गळलेल्या नावाबद्दल एक प्रश्न: ‘मागच्या वेळी चहावालीचं झाकण होतं, ते आज नाही?’ भारित काप्पा (दोन्ही वेळची उत्तरं किती जुळतात त्याचा आकडा) काढायचा तो दोन्ही वेळा असलेल्या नावांवरच. गळलेल्यांचा हिशेब वेगळा.

१७ मार्च

फॉर्मची आवृत्ती ४ गोठवली. मराठी, हिंदी, दोन्ही दोन पानी. दहा नावांसकट लागणारा वेळ ४० ते ५० मिनिटं. ६० ओलांडली की थांबायचं आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी.

उरलेलं: ‘दादा’ला पत्ता दिल्याचे पैसे द्यावे लागत असतील तर तो आधार की तंटा? सध्या दोन्हीकडे नोंदवतोय. चिंचोके पावसाळ्यात बुरशी धरतात. जूनच्या फेरीआधी भाजून घ्यायचे, नाहीतर नवे आणायचे.